बेकनचा भाव

गिरणीत पगार शुक्रवारी होई. पगाराचं पाकीट नवऱ्याने न फोडता बायकोच्या हातात ठेवायचं, अशी ऑकरशॉ गावची रीत होती. फोडलेलं पाकीट आणणाऱ्या नवऱ्याबद्दल बायका धुणं वाळत घालताना जे बोलत, ते ऐकून भलेभले सुधारत. बायको घरखर्च काढून घेई आणि नवऱ्याला हातखर्चाला दहा शिलिंग देई. बॉयलरवर कोळसा ओढणाऱ्या क्लिफर्ड एंटविसलने एकवीस वर्षं ही रीत निमूटपणे पाळली. मग मार्चमध्ये त्याचा पगार आठवड्याला पाच शिलिंगांनी वाढला आणि त्याची बुद्धी फिरली.

कारण होतं शेजारच्या सेथ म्हाताऱ्याची कबुतरी. शर्यतीची, किंमत तीन पौंड. क्लिफर्ड तिच्यासाठी वेडा झाला होता. पण विनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, घरातल्या आठ कबुतरांशीच उभा दावा होता. नववीसाठी पैसे मागायची त्याची छाती नव्हती. आठवड्याला पाच शिलिंग म्हणजे बारा आठवड्यांत तीन पौंड. तेवढं थांबायला सेथ तयार झाला.

क्लिफर्डने बॉयलरच्या वाफेवर पाकीट अलगद उघडलं आणि अडीच शिलिंगांची दोन नाणी काढली. वर आठ पौंड सात शिलिंग असा आकडा होता. त्यातल्या इंग्रजी 7 च्या पायाशी आडवी रेघ मारून त्याने त्याचे 2 केले आणि पाकीट पुन्हा चिकटवलं. नाणी कबुतरांच्या दाण्याच्या डब्यात गेली. विनीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि नेहमीचे दहा शिलिंग काढून दिले. क्लिफर्डला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

पुढच्या शुक्रवारी विनीने त्याच्या हातावर नऊच शिलिंग ठेवले.

"बेकन महागलंय," ती म्हणाली.

"एकदम शिलिंगभर?"

"चहासुद्धा. तुझा पगार आहे तिथेच, मी तरी काय करू? की वाढलाय?"

"छे, कुठला वाढतोय," क्लिफर्ड घाईघाईने म्हणाला.

त्यानंतर महागाईने ताळतंत्रच सोडलं. नऊचे आठ झाले. न्याहारीतलं बेकन गेलं, रविवारचं मटण गेलं आणि ताटात कोबी ठाण मांडून बसला. पगार वाढलाच नाही म्हणणाऱ्याला तक्रार कुठल्या तोंडाने करता येणार? दिवसभर कोळसा ओढून पोटात कावळे कोकलत. मग घरी जाता जाता तो गुपचूप तळलेला मासा आणि बटाटे खाई, शिलिंग चार पेन्सला. डब्यात शुक्रवारी पडलेली नाणी गुरुवारपर्यंत पोटात जात.

एकदा बॉयलरच्या आगीवर, फावड्यावर परतून खायला तो बेकन आणायला गेला. केवढं महागलं असेल या धास्तीने त्याने खाटकाला भाव विचारला.

"रत्तलाला तीन शिलिंग."

"आणि वाढायच्या आधी?"

"वाढायला काय झालंय? नाताळपासून पेनीने हललं नाही. तुझ्या विनीला विचार की."

क्लिफर्ड तावातावाने घराकडे निघाला. आज सोक्षमोक्ष लावायचाच. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, की विनी पहिला प्रश्न विचारेल तो हाच, की खाटकाकडे तू गेलास कशाला आणि कुठल्या पैशांनी. घरी पोचल्यावर त्याने मुकाट्याने कोबी खाल्ला.

बाराव्या शुक्रवारी डब्यात तीनच नाणी उरली होती. साडेसात शिलिंग. क्लिफर्डने हात टेकले. वाफ नाही, रेघ नाही, पाकीट जसंच्या तसं त्याने विनीपुढे ठेवलं.

"पाच शिलिंग वाढलेत."

"मार्चमध्ये," विनी मान वर न करता म्हणाली. "मुकादमाच्या बायकोने तुझ्याआधी मला सांगितलं होतं."

तिने फळीवरची तुटक्या तोटीची किटली काढून टेबलावर उपडी केली. आतून दोन पौंड साडेबारा शिलिंग निघाले.

"आता दाण्याच्या डब्यातले साडेसात आण."

डब्याचं हिला कसं कळलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. क्लिफर्डने मनातल्या मनात बेरीज केली. बरोब्बर तीन पौंड. त्याला भरून आलं. एवढ्या मोठ्या मनाच्या बायकोला आपण फसवत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली. तो धावत जाऊन डबाच घेऊन आला आणि त्याच पावली खुराड्यात नववी जागा झाडायला गेला.

शनिवारी विनी पैसे घेऊन बाहेर पडली आणि परतली ती भलाथोरला खोका घेऊन. क्लिफर्डने खोक्याला भोकं आहेत का ते निरखून पाहिलं. नव्हती.

रविवारी न्याहारीला बेकनचे चार जाड तुकडे आले. शेजारी हातखर्चाचे पुरते दहा शिलिंग.

"बेकन उतरलं वाटतं," क्लिफर्ड पडेल आवाजात म्हणाला.

"हो. कालच उतरलं." विनी प्रार्थनेला निघाली होती. आरशासमोर उभी राहून ती तीन पौंडांच्या नव्या कोटाची बटणं लावत होती. कोट पारव्या रंगाचा होता.