घरीच सांगायची गोष्ट

बेकरीवाला पालकसभेत उभा राहिला तो पायात गोळा आला म्हणून. चौथीच्या वर्गातली बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची. त्यात हा धिप्पाड माणूस गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला. पण नेमकं तेव्हाच मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं, की यंदा चौथीला नवा धडा आहे. वयात येताना शरीर कसं बदलतं, कोणाचा कसला स्पर्श चालवून घ्यायचा नाही, आणि बाळ कुठून येतं.

सगळा वर्ग गार पडला. अशा वेळी एकटाच उभा राहिलेला माणूस विरोध करायलाच उठला असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

"बोला, बोला!" मागच्या बाकावरून एका मुलाचे वडील, वकील, ओरडले.

आता बोलणं भाग होतं. "हे... हे घरचं काम आहे बाई," तो पाय झटकत म्हणाला. "घरीच सांगायला हवं. आईबापांनी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बेकरीवाल्यासाठी जन्मात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या भरात तो पुन्हा म्हणाला, "घरीच!"

मोठ्या बाई हसल्या, तिथेच घात झाला. "पटलं मला. मग पुढच्या शनिवारी तुम्हीच या आणि घरी कसं सांगितलंत ते सगळ्यांना ऐकवा. बाकीच्यांनाही जमेल असं वाटलं, तर धडा रद्द."

"मंजूर!" वकिलांनी परस्पर सांगून टाकलं.

बेकरीवाला मटकन खाली बसला. त्याच्या घरी आईबापांतला बापच तेवढा उरला होता. बायको जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. तो मुलीच्या वेण्या घालायला शिकला होता, तिच्या तापात रात्र काढायला शिकला होता. पण हा विषय आला, की 'उद्या बघू' म्हणून भट्टीकडे पळायचा.

दुसऱ्या दिवशी बेकरीत कधी न दिसणारे बाप येऊ लागले. एक पाव घ्यायचे, मागे वळून बघायचे आणि हळूच म्हणायचे, "सुरुवात कशी करणार तेवढं सांगा. पुढचं आम्ही रेटतो."

वकीलही आले. "काल मी आमच्या चिरंजीवांना समोर बसवून सगळं कायद्याच्या भाषेत सांगायला घेतलं. तर कार्टं विचारतं, पप्पा, मला अटक होणार का?"

शेवटी बेकरीवाल्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. "ताई, तुला कोणी सांगितलं होतं गं?"

"काय?"

"तेच. मोठं होण्याचं."

"कोणी नाही रे. फ्रॉकवर रक्त दिसलं, मला वाटलं आता मी मरणार. माळ्यावर जाऊन लपले. माझी बाहुली कोणाला द्यायची तेसुद्धा ठरवून टाकलं होतं."

बेकरीवाला हादरला. त्या दिवशी तोही त्याच घरात असणार. "मग मला कसं कळलं नाही?"

"बाहुली तुलाच द्यायची ठरवली होती, शहाण्या! आणि आता तू शाळेला नको म्हणून आलास? वर टाळ्या घेतल्यास? धन्य आहे तुझी!"

संध्याकाळी तो मळलेल्या पिठाचा गोळा घेऊन मुलीसमोर बसला.

"हे बघ, यात यीस्ट घातलं, की वेळ आल्यावर ते आपोआप फुगतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तसंच माणसाचंही..."

"मी फुगणार आहे?"

"तू नाही गं! म्हणजे तूही, पण... जरा..."

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, तुला पाळीबद्दल सांगायचंय का?"

गोळा थपकन जमिनीवर पडला.

"मला माहितीय. बाळाचंही माहितीय. आई अंथरुणावर होती ना, तेव्हा तिने सगळं सांगितलं. तिच्या कपाटात वरच्या खणात माझ्यासाठी पॅडचा पुडा पण ठेवलाय."

त्या खणाला बेकरीवाल्याने अजून हात लावला नव्हता. "मग... मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणाली, इतक्यात नको, बाबा बिचकेल. तू जरा मोठी झालीस की सांग, पण हळूहळू." मुलीने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. "सांगू का आता?"

तो हो म्हणाला. मग अर्ध्यावरच त्याने 'पुरे' म्हणून हात जोडले.

शनिवारी तो सगळ्यांसमोर उभा राहिला. "घरी सांगून झालं. पण मी नाही, मुलीने मला सांगितलं. अर्धंच झालं, पुढचं मला ऐकवेना. माझ्या पोरीला सांगणारी होती. माझ्या बहिणीला कोणी नव्हतं. धडा राहू द्या, बाई."

टाळी एकही वाजली नाही. सगळे वकिलांकडे बघू लागले. वकिलांनी घसा साफ केला. "माझी एकच हरकत आहे. पोरांना कळणार आणि आम्ही आपले तसेच राहणार. आमचं काय?"

"सोमवारी या," मोठ्या बाई म्हणाल्या. "आधी पालकांचा वर्ग घेऊ."

सोमवारी मुलीने बापाला फाटकापर्यंत सोडलं, त्याची कॉलर नीट केली आणि बजावलं, "वकीलकाकांनी हसवलं तरी हसायचं नाही. कळलं नाही तर हात वर करायचा." तो मान खाली घालून आत निघाला, तशी तिने मागून हाक मारली, "आणि बाबा, या वेळी पूर्ण ऐकून ये!"