काकांची दोनशे बारा गाणी

आमच्या सोसायटीतल्या वसंतकाकांनी गेल्या अकरा वर्षांत एकही नवं गाणं ऐकलेलं नाही. गाण्याचं वावडं म्हणाल, तर तसंही नाही. रोज सकाळी दोन तास, पार्किंगजवळच्या बाकावर, कानात वायर घालून ते गाणीच ऐकतात. पण काडेपेटीएवढ्या त्यांच्या प्लेअरमध्ये दोनशे बारा गाणी आहेत आणि ती त्याच क्रमानं वाजतात. काल जिथं थांबली, तिथून आज पुढं. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"मास्तर, चीज पुरवून वापरावी," असं ते मला सांगतात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून मास्तर.

आता पुरवणं म्हणजे किती? प्लेअरची स्क्रीन कधीच गेली. "गाणं काय डोळ्यानं ऐकायचंय?" म्हणाले. बटण झिजलं, तिथं ब्लाऊजचं टिचबटण चिकटवलं. वायर एकाच कानात घालायची. सम तारखेला उजवा कान, विषमला डावा, म्हणजे दोन्ही बोंडं सारखी झिजतात. चार्जिंगला लावलं की शेजारी स्टूल टाकून बसतात आणि भरत आलं की काढून घेतात. "पोट तुडुंब भरू नाय, माणसाचं काय अन् बॅटरीचं काय." उन्हाळ्यात प्लेअरचा मुक्काम माठाशेजारी. या गावात मे महिन्यात माझी कोणी एवढी काळजी घेतलेली मला आठवत नाही.

बाकावर शेजारी काकू भाजी निवडत असतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. काका गाण्याच्या ठेक्यावर त्यांच्या डाव्या मनगटावर बोटं वाजवत राहतात. बाई वैतागत कशी नाही, असं मला वाटायचं.

गेल्या महिन्यात प्लेअरनं मान टाकली. गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानदारानं हात टेकले, तेव्हा काका तो रुमालात गुंडाळून माझ्या दारात आले. "बघा, काही जीव हाय का."

मला काय, हुरूपच आला. गाणी काढून घेतली, नव्या प्लेअरमध्ये भरली, वर माझ्या पदरची आठशे घातली आणि सगळी अक्षरांप्रमाणे शिस्तीत लावून दिली. काकांनी दोन मिनिटं ऐकलं आणि वायर काढली. "लई छान केलं," म्हणाले.

त्यानंतर तीन दिवस मी बघतोय, काका हात मांडीवर ठेवून बसलेले. शेजारी काकूंनी मनगट पुढं करून ठेवलेलं. चौथ्या दिवशी मी विचारलंच.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिचे कान वर्षभरात जाणार," काका म्हणाले. "मग गाणी हिनंच निवडली, क्रमही हिनंच लावला. वर्षभर एकेक वायर कानात घालून दोघं तेच ऐकत बसलो, हिला पाठ होईस्तोवर. आता मी ठेका धरला की हिला आतून ऐकू येतं. क्रम मोडला की ही हरवती, मास्तर. अन् मला तर तो एवढा ध्यानात नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाणपणा करायची खोड आहे मला, दुसरं काय. जुना प्लेअर तर एव्हाना पुरताच गेला होता.

काकांनी पाटीवर लिहून काकूंना विचारलं, "क्रम सांग." काकूंनी मेथीची जुडी पुढं ओढली आणि सांगायला सुरुवात केली. एकापाठोपाठ एक, दोनशे बारा. मेथी संपली, गवार संपली, लिहून लिहून माझा हात भरून आला, बाई कुठं अडखळली नाही. मी रात्रंदिवस कॉम्प्युटरशी खेळणारा माणूस, पण अशी आठवण पाहिली नव्हती. घरी जाऊन माझी आठशे पुसली, त्या क्रमानं गाण्यांना आकडे घातले आणि दुसऱ्या दिवशी प्लेअर काकांना दिला.

काकांनी वायर कानात घातली. मनगटावर बोटं सुरू झाली. काकूंची मान डोलायला लागली. सहा गाणी झाली. सातव्याला चार ठेके पडले असतील नसतील, काकू निवडायच्या थांबल्या.

"मास्तर," ऐकू न येणाऱ्या माणसांच्या मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "सहाव्यानंतर गवळण सांगितली होती. तुम्ही भजन लावलंय."

मी घरात जाऊन यादी ताडून पाहिली. सात आणि आठची मी अदलाबदल केली होती. बाहेर येऊन काकांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगायचं."

"मला कुठं कळलं?" काका म्हणाले. बोटं अजून काकूंच्या मनगटावरच होती. "मी नुसता वाजवतो, मास्तर. ऐकती ती."