ठळक अक्षरांची बदली

चिंचखेड नगरपरिषदेच्या ठळक अक्षरांनी सोमवारी बदलीचा अर्ज दिला. पाट्या विभागाच्या कारकून कुमुदबाई सोनटक्के यांनी तो आवक करून घेतला. अर्ज त्याच अक्षरांत असल्याने तो दारातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचला. खासगी राहणे त्या अक्षरांना कधी जमलेच नव्हते.

अंगाने ती भक्कम. ठ कंपासने काढल्यासारखा गोल, काना पहारीसारखा सरळ, सगळीकडे जाडी एकच, नखरा कुठे नाही. गावाने त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. ‘येथे थुंकू नये’ वाचले की तोंडात तोबरा भरलेला माणूसही मुकाट गिळायचा.

“बाई, अकरा वर्षं नुसतं ‘करू नये, लावू नये’ चाललंय,” अक्षरे म्हणाली. “एखादी लग्नपत्रिका तरी द्या.”

“यांनी आमंत्रण दिलं तर समन्स आल्यासारखं वाटेल,” हेडक्लार्क ढोबळे आपल्या टेबलावरून म्हणाले.

कुमुदबाईंनी पर्स जवळ ओढली. त्यांच्या पर्समध्ये एका पत्रिकेचा मजकूर तीन आठवडे घडी घालून पडला होता, आणि तो त्यांचाच होता. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली होती. आता बावन्नाव्या वर्षी त्या पाणीपुरवठ्यातल्या भास्कर वाघचौऱ्यांशी लग्न करणार होत्या. बारीक, तिरक्या अक्षरांत वीसच पत्रिका छापायचा बेत होता. लाज नव्हती, भीती होती. नगरपरिषदेच्या सभागृहासमोर राहणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी “मी उंबरा ओलांडणार नाही” असे सांगून टाकले होते. त्या नसतील तर भरल्या मांडवाचे काय करायचे, हे कुमुदबाईंना कळत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मजकूर अक्षरांपुढे ठेवला आणि त्यांची चार दिवसांची किरकोळ रजा मंजूर केली.

“आम्ही जागा फार घेतो, बाई,” अक्षरे म्हणाली. “काय ठेवायचं?”

श्रीकृपा मावेना. वडीलधाऱ्यांची नावे मावेनात, तारीखही मावेना. खोडून खोडून शेवटी उरले ते असे: कुमुद आणि भास्कर यांचे लग्न. शुक्रवारी अकरा वाजता, सभागृहात. यावे.

चार दिवस गावातल्या पाट्या कोऱ्या होत्या. बागेच्या भिंतीपाशी लोक थबकत, काय करू नये ते आठवत नसे, म्हणून काहीच न करता पुढे जात.

शुक्रवारी अक्षरे पाटीवर तोच मजकूर घेऊन सभागृहाच्या दारावर उभी राहिली. पावणेअकराला एसटी थांबली आणि चालक-वाहकासह सगळे उतरले. बाजारपेठ दुकाने बंद करून आली.

“एवढ्यांना बोलावलं कुणी?” भास्कररावांनी विचारले.

“वाचून आलेत,” कुमुदबाई म्हणाल्या. त्यांचे लक्ष दाराकडे होते.

जाऊबाई सगळ्यांत शेवटी आल्या, कणकेच्या हातांनीच.

“माझं मत बदललेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण गच्चीवरून दिसलं. लिहिलंय म्हटल्यावर काय करणार? अक्षता दे इकडे.”

कुमुदबाईंना रडू आवरेना.

सोमवारी अक्षरे कामावर रुजू झाली. सभागृहावरची ती बिनतारखेची पाटी तेवढी उतरवायची राहिली. पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता जाऊबाई पुन्हा आल्या, या खेपेस हात धुऊन. पाटी उतरवणे हे कुमुदबाईंच्या विभागाचे काम आहे. ते त्यांनी अजून केलेले नाही.