अनलिमिटेड आणि मझौलीची वरात

डोमाजीकाकांच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ सापडला! पण कुठं सापडला हे सांगायची मला घरातून सक्त मनाई आहे. तेव्हा तो सापडलाच नाही असं धरून चला. मीही तसंच धरून पुढचं लिहितो.

माझा धंदा वेबसाइट बनवण्याचा. जबलपूरच्या रांझी भागात, बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये बसून मी अख्खं जबलपूर इंटरनेटवर चढवणार होतो! त्यासाठी एका कंपनीचं सगळ्यात स्वस्त होस्टिंग घेतलं. होस्टिंग म्हणजे वेबसाइटला राहायला भाड्याची खोली. जाहिरातीत लिहिलं होतं, जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड. म्हणजे कितीही सामान ठेवा, कितीही पाहुणे येऊ द्या. एखादा घरमालक असं बोलला असता तर मी पळ काढला असता. कंपनी बोलली म्हणून विश्वास ठेवला.

पहिलं गिऱ्हाईक शहराच्या पलीकडच्या गोहलपूरचे, बाबांच्या ओळखीचे बँडमास्तर डोमाजीकाका.

"कितीबी टाकता येते?"

"काका, अनलिमिटेड! तुम्ही थकाल, जागा नाही थकणार!"

काकांनी मझौली गावात झालेलं मोठ्या पोरीचं लग्न हळदीपासून बिदाईपर्यंत सगळंच्या सगळं चढवलं. आणि मोबाइलमधून पुसून टाकलं. अनलिमिटेड असताना दोन दोन ठिकाणी कशाला ठेवायचं!

एका सकाळी वेबसाइट गायब. तिच्या जागी एक करडी पाटी: खातं बंद. अर्ध्या तासात काका दारात. मागे अख्खा बँड, लाल कोट घालून.

"काहून रे श्रीरंग, माही पोरगी कुठं गेली?"

"काका, थोडा टेक्निकल..."

"पोरीच्या लग्नात मी क्लॅरिनेट वाजवून राहिलो होतो. डोळे मिटून. काहीच नाही पाहिलं. म्हटलं, सीझन संपला की बसून पाहू आरामात. अन् तू टेक्निकल म्हणून राहिला?"

मी दार हळूच लोटून घेऊ लागलो.

"भांडाले नाही आलो," काका शांतपणे म्हणाले. "तू अनलिमिटेड म्हणाला, आम्ही मानलं. आता आम्ही तुह्या दारात अनलिमिटेड वाजवतो. व्हिडिओ आला की थांबू. चलो रे!"

इथं बाबांची ओळख करून देणं भाग आहे. बाबा, म्हणजे भाऊराव, फॅक्टरीत नाइट ड्यूटी करतात आणि दिवसा झोपतात. ते झोपले की आमचा कुकरसुद्धा शिट्टीआधी आईची परवानगी घेतो. एकदा दूधवाल्यानं सायकलची घंटी वाजवली होती. तेव्हापासून तो आमचं दूध पलीकडच्या गल्लीत ठेवून जातो.

ढोलाची पहिली थाप पडली. भिंतीवरची पाल खाली पडली आणि पडल्या जागी गप्प राहिली. मला तिचा हेवा वाटला.

मी डोक्यावर गोधडी घेऊन कंपनीला फोन लावला.

"सर, आपके यहाँ शादी है?"

"नहीं भैया, मेरी तेरहवीं की तैयारी है! वीडियो कहाँ गया?"

"सर, आपने स्टोरेज में सामान स्टोर किया था. वो अलाउड नहीं है."

"तो स्टोरेज में क्या करें?"

"थोड़ा-थोड़ा रख सकते हैं सर. अनलिमिटेड है, लेकिन नॉर्मल इस्तेमाल तक. और रांझी से कोई एक सज्जन रोज़ दिन भर वही वीडियो देख रहे थे. सारी बँडविड्थ खा गए. हमने अकाउंट ख़ाली कर दिया."

"ख़ाली! बैकअप?"

"बैकअप अनलिमिटेड में नहीं आता सर. और कोई सेवा?"

रांझीतून? काका तर गोहलपूरचे! पण विचार करायला सवड कुठं होती? बाहेर वरातीची धून सुरू झाली होती आणि शेजारचे लोक नाचायला उतरले होते.

बाबांच्या खोलीतून मात्र काहीच आवाज नव्हता. तो नसलेला आवाज मला जास्त भिववत होता.

आई पांढरीफटक. "जा, पाहून ये. एवढ्या गोंगाटात कोणी झोपत नाही. उठले असतील तर तुझी खैर नाही, नसतील उठले तर माझी."

मी दार ढकललं. बाबा डोक्यापर्यंत चादर ओढून पडले होते आणि चादर ढोलाच्या ठेक्यावर हलत होती! देवाचं नाव घेऊन मी कोपरा उचलला.

आत बाबा जागे. कानात इअरफोन, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये मझौलीची वरात. वरातीपुढे एक माणूस दातांत रुमाल धरून भर रस्त्यात नागीण डान्स करत लोळत होता. त्याच्या अंगात बाबांचा सफारी होता. सफारीच्या आत बाबा होते.

त्या लग्नाला ते एकटेच गेले होते. परत येऊन फक्त "जेवण बरं होतं" म्हणाले होते.

बाबांनी मला पाहिलं. इअरफोन काढले. बँड चालूच. परत घातले, परत काढले.

"काहून रे, हे बंद काहून नाही होऊन राहिलं?"

"बाबा, तुम्ही रोज दिवसा...?"

"नेट अटकून राहिलं होतं. म्हणून व्हिडिओ पूर्णच मोबाइलमध्ये उतरवून घेतला." बाबांनी मोबाइल उशीखाली सरकवला. "तू काही पाहिलं नाही."

"नाही पाहिलं, बाबा."

मी व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला आणि पायरीवर नेऊन ठेवला. बँड थांबला. काकांनी वरात पुढे सरकवली, बिदाईवर आले. पोरगी गाडीत बसतच नव्हती. सगळे तिला ओढत होते आणि ती मान वळवून बँडकडे बघत होती. बँडमध्ये काका, डोळे मिटून.

"माह्याकडंच पाहून राहिली होती बे..." काकांनी टोपी काढली. ढोलवाल्यानं लाल बाहीला नाक पुसलं.

मग आनंदाच्या भरात बँडनं पुन्हा वाजवायला घेतलं. फुकट. अनलिमिटेड.

आता काकांनी धाकटीचं लग्न ठरवलं आहे. बाबांनी सुट्टीचा अर्ज दिला आहे आणि दिवसा बंद दारामागे त्यांची खाट ठेक्यात करकरते. म्हणून हा अर्ज:

मा. व्यवस्थापक, होस्टिंग कंपनी, यांस सविनय विनंती की, आपल्या अनलिमिटेड योजनेत 'नॉर्मल इस्तेमाल' ठरवताना माझे वडील हिशेबात धरावेत आणि धाकट्या मुलीच्या वरातीपूर्वी तसं लेखी कळवावं. दिवसा फोन करू नये. बाबा झोपलेले असतात.