समुद्रात सायकलला कुलूप

"ठरलं मग," आफके फोनवर म्हणाली. "डेल्फ्टच्या माझ्या दारापासून इंग्लंडमधल्या तुझ्या दारापर्यंत मी सायकलवर येणार. मधला समुद्र तेवढा सोडून."

"आणि नाही जमलं तर?" पलीकडून तिचा मुलगा योरिस.

"तर सायकल तुझी. वीक, कुणाला दे, काय वाट्टेल ते कर. पुढे जन्मभर तुझ्या गाडीत मागच्या सीटवर गप्प बसेन."

"मी इकडच्या बंदरावर गाडी घेऊन थांबतोच. सायकल टांगायचा स्टँड लावून."

"थांब ना. आरामात जांभया दे."

आफके बहात्तर वर्षांची डच बाई. सायकल इलेक्ट्रिक, निळी, चार महिन्यांची, आणि तिच्यापायी दोन्ही सुनांशी बोलणं तुटायची वेळ आलेली. सायकल गेली म्हणजे बाजार, पोहणं, मैत्रिणी, सगळं कुणीतरी 'सोडणार', कुणीतरी 'आणणार'. त्यापेक्षा समुद्रात उडी मारलेली बरी, असं तिचं मत.

ठरल्या दिवशी सकाळी ती निघाली. बंदरापर्यंत पंचवीस किलोमीटर आणि वारा समोरून. तिकडे वारा समोरूनच असतो, त्याला दुसरी दिशा माहीतच नाही. बंदर आलं तेव्हा बॅटरी निम्म्याच्या खाली. तरी आफके टुणटुणीत जहाजात शिरली, गाड्यांच्या मागून थेट खालच्या डेकवर.

तिथे पिवळ्या जाकिटातला एक माणूस उभा. त्यानं तिच्या हातात एक दोरी दिली. "सायकल भिंतीच्या दांडीला बांधा आणि वर जा."

भिंतीला तीस सायकली आधीच टेकलेल्या. कुठल्या तरी गावचं अख्खं गायनमंडळ सहलीला निघालेलं. शेवटी एक फट होती, तिथे आफकेनं सायकल घुसवली, दोरी बांधली आणि दोरीकडे बघत उभी राहिली.

दोरी? दोरीला किल्ली कुठे असते?

आता बघा हं, ही बाई सहासष्ट वर्षं सायकल चालवतेय. या सहासष्ट वर्षांत तिनं सायकल बिनकुलपाची कधी सोडली नाही. चर्चच्या दारात नाही, स्वतःच्या अंगणातसुद्धा नाही. भर समुद्रात सायकल चोरणारा ती घेऊन जाणार कुठे, पोहत? हा विचार तिच्या काय, त्या तीस गायकांच्याही डोक्यात आला नव्हता. सगळ्यांनी कुलपं लावली होती. आफकेनंही मनगटाएवढी साखळी काढली. भिंतीच्या दांडीपर्यंत ती पोचेना. पण शेजारी, अंधारात, दुसरी छान जाड लोखंडी दांडी होती. खट्!

ती दांडी जहाजाची नव्हती. शेजारी उभ्या ट्रकच्या पोटाखालची होती. ट्रकमध्ये बारा टन टोमॅटो.

मग आफकेनं बॅटरी काढली, कारण बॅटरी तर पहिली चोरतात. बॅटरी पिशवीत, चार्जर पिशवीत, किल्ली पिशवीत, पिशवी खांद्याला. वर जाऊन कुंडीमागचा प्लग शोधून तिनं बॅटरी चार्जिंगला लावली आणि चीज-सँडविच सोडलं. दुसरा घास घेतेय तोच जहाजावरची मुलगी आली. छातीवर नाव होतं, मिरथे.

"आजी, हे काय?"

"बॅटरी. आणि आजी तुझ्या घरी."

"इथे बॅटरी चार्ज करता येत नाही. आग लागू शकते."

"माझीला नाही लागत. ती शिस्तीत वाढलीय."

"सॉरी, बाई. पिशवी मी काउंटरच्या कपाटात ठेवते. उतरताना घ्या."

आफकेनं खूप आढेवेढे घेतले, पण पिशवी गेली. किल्ली पिशवीत आहे हे तिच्या ध्यानात आलं, नाही असं नाही. उतरताना मिळणारच आहे म्हणून ती पुन्हा सँडविचकडे वळली.

उतरताना काउंटरसमोर चाळीस माणसांची रांग. आफके पस्तिसाव्या नंबरवर होती तेव्हा छतातून आवाज आला. "निळ्या इलेक्ट्रिक सायकलच्या मालकांनी ताबडतोब खालच्या डेकवर यावं." पाच मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा आवाजात 'कृपया' उरलं नव्हतं. आफके रांग सोडून खाली धावली आणि तिच्यामागे जिन्याचं दार बंद झालं. उतरायच्या वेळी तिथून परत वर जाता येत नाही.

खाली ट्रकचा ड्रायव्हर लेंडर्ट कमरेवर हात ठेवून उभा होता. तोही डच, डेल्फ्टजवळच्याच टोमॅटो पिकवणाऱ्या गावचा.

"मावशी, ही सायकल माझ्या ट्रकला का बांधलीय?"

"तुझ्या ट्रकला कशाला बांधू? जहाजाला बांधलीय."

"या जहाजाला अठरा चाकं आहेत का?"

आफकेनं वाकून पाहिलं. मग बराच वेळ वाकूनच राहिली.

"किल्ली?" लेंडर्टनं विचारलं.

"वर. कपाटात."

"दुसरी?"

"डेल्फ्टला, बिस्किटांच्या डब्यात. चोरी झाली तर विम्यावाल्यांना दोन्ही किल्ल्या दाखवाव्या लागतात ना. दोन्ही बरोबर घेऊन फिरायला मी काय वेडी आहे?"

"नाही, ते बरोबरच आहे," लेंडर्ट गंभीरपणे म्हणाला. त्याच्या बायकोनं त्यांची दुसरी किल्ली गादीखाली ठेवलेली.

मागे अठरा ट्रक भोंगे वाजवायला लागले. पिवळं जाकीट पुरुषभर उंचीची कातर घेऊन आलं. दोघांनी मिळून दाबली. कट्! साखळी होती तशी, कातरीचा मात्र टवका उडाला.

"बघा!" आफकेला राहवलं नाही. "दुकानदार म्हणालाच होता, ही तुटत नाही!"

"बाई, आनंद कसला होतोय तुम्हाला?" पिवळं जाकीट रडवेलं झालं. "सायकल उचलून ट्रकवर चढवू. हात लावा रे!"

"खबरदार!" आफके सायकलच्या आडवी उभी राहिली. "सायकल चाकांवर जाणार आणि मी सायकलवर. उचललीत तर माझा मुलगा ती विकतो!"

शेवटी लेंडर्टनं टोपी मागे सरकवली. "मावशी, अगदी हळू चालवलं तर माझ्या जोडीनं चालवाल?"

"तू तुझं बघ," आफके म्हणाली आणि सीटवर चढली.

तर पुढे पिवळं जाकीट हात हलवत, मागे ट्रक मुंगीच्या पावलानं, ट्रकच्या कुशीला आफके, बिनबॅटरीच्या जड धुडाला पॅडल मारत, आणि तिच्यामागे तीस गायक, जे गप्प बसायला आलेच नव्हते. उतार लागला तेव्हा त्यांनी चार आवाजांत गाणं धरलं.

तपासणी नाक्यावर मालाची रांग रिकामी होती. सगळा माल तर आफकेच्याच मागे अडकलेला. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं कागद घेतले.

"मालात काय?"

"टोमॅटो," लेंडर्ट म्हणाला.

"आणि ही?"

"ही माल नाही, मालकीण."

अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, साखळी पाहिली, पुन्हा पासपोर्ट पाहिला आणि शिक्का मारला. असल्या प्रकाराला त्याच्याकडे फॉर्म नव्हता.

फाटकाबाहेर योरिस गाडीत बसून दोन तास जांभया देत होता. त्याला दिसलं काय, तर आपली आई ट्रकला साखळीनं बांधलेली. तो दार ढकलून किंचाळत धावला. "आई! थांबवा! आई!"

"ओरडू नकोस, तोल जातो माझा."

तेवढ्यात मिरथे धापा टाकत पिशवी घेऊन पोचली. "बाई, तुमची पिशवी! अख्ख्या जहाजात शोधलं तुम्हाला!" साखळी सुटली, बॅटरी बसली, लेंडर्टनं भोंगा दिला.

"पैज हरलीस," योरिस म्हणाला. "ट्रकनं ओढत आणलं तुला!"

"ओढत?" लेंडर्टनं खिडकीतून मुंडी काढली. "साखळी एकदाही ताणली नाही, साहेब. उलट यांनीच दोनदा सांगितलं, जरा वेग वाढव म्हणून."

आणि टोमॅटो गेले.

योरिस हरल्या तोंडानं गाडीकडे वळला. दार ओढलं. उघडेना. मघाशी धावताना मागे आपटलेलं दार आपोआप लॉक झालेलं. खिशात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला. मग काचेला नाक लावून उभा राहिला. किल्ली आत, कोट आत, फोन आत.

आफकेच्या फोनवरून गॅरेजला फोन झाला. माणूस यायला तीन तास. घरी सून सूप गरम करून बसलेली. घर चार मैलांवर.

आफकेनं पिशवी हँडलला अडकवली आणि कॅरियरवर दोनदा थाप मारली.

"छे!" योरिस म्हणाला. "मी सेहेचाळीस वर्षांचा आहे."

"मग पाय जमिनीला पोचतील. बस."

तो आडवा बसला, गुडघे छातीशी घेऊन. बाजूनं तीस गायक घंट्या वाजवत गेले. फाटकातून हळूहळू सुटणाऱ्या अठरा ट्रकांच्या कडेकडेनं आफके सुसाट निघाली.

"आई, डावीकडून! इथे डावीकडून चालवतात!"

"मागे बसलेल्यानं गप्प बसायचं असतं," आफके म्हणाली, आणि डावीकडे झाली.