हरभऱ्यातून चाललेला तंबू

थंडीच्या दिवसांत उघड्या शेतात तंबू ठोकून पाहुणे झोपवायचे, तर सगळ्यात मोठी अडचण कोणती? जेवण नाही, अंथरूण नाही, साप-विंचू तर नाहीच नाही. रात्री उठावं लागलं तर जायचं कुठे, ही! आणि ही अडचण आपण कायमची निकालात काढली आहे, असं सारिका भेटेल त्याला छाती पुढे काढून सांगत होती.

भडगावजवळ गिरणेच्या काठी तिच्या सासरचं शेत. त्याच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या तुकड्यावर तंबू लावायचे, जळगाव-धुळ्याची मंडळी शनिवार-रविवारी बोलवायची, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊ घालायची, असा तिचा बेत होता. नवरा अमृत तिला लगेच हो म्हणाला होता. पण अमृतच्या हो-नाहीला त्या घरात कोण विचारतो? शेत होतं सासूबाईंच्या, म्हणजे वच्छलाबाईंच्या नावावर. आणि वच्छलाबाईंना त्याच तुकड्यात लिंबाची रोपं लावायची होती.

"मी सोता एक रात तठे झोपसू," वच्छलाबाईंनी निकाल देऊन टाकला. "निभनं तं तंबू, नही तं लिंबू!"

झालं! सारिकाचं सगळं भवितव्य त्या एका रात्रीवर येऊन ठेपलं. तिनं साक्षीदार म्हणून दोन पाहुण्याही बोलावल्या. एक धुळ्याला दिलेली नणंद दिपमाला, दुसरी जळगावची मैत्रीण सपना. सपनाला थंडी इतकी बाधते, की ती घरातले सगळे स्वेटर एकावर एक चढवूनच मोटारीतून उतरली. तिला हात खाली सोडता येत नव्हते.

संध्याकाळी सारिकानं तिचं ते ब्रह्मास्त्र उभारलं. उंच, अरुंद, डोक्यावर निमुळता असा निळा बाथरूम-तंबू! आत घडीचा कमोड. पुढे चेन. बूड मात्र मोकळं. झोपायच्या तंबूपासून जरा लांब, हरभऱ्याच्या वाफ्यात तिनं तो लावला. हरभऱ्याला तुषार सिंचनाचं पाणी होतं, म्हणजे ठिकठिकाणी फवाऱ्याच्या कांड्या उभ्या. त्यातली एक नेमकी तंबूच्या आत आली.

"ही कांडी काढ ना," दिपमाला म्हणाली.

"कशाला? टॉवेल अडकवायला बरी आहे! बॅटरीपण टांगता येईल."

"आणि रात्री लाईट आली तर?"

प्रश्न बरोबर होता. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती आणि मोटरीला ऑटो बसवलेला होता. लाईट आली की मोटर आपोआप चालू, मोटर चालू की हरभऱ्यात फवारे सुरू! पण सारिका काय कच्ची होती? ती स्वतः विहिरीवर गेली, ऑटो बंद केला, परत येऊन हात झटकले आणि म्हणाली, "ताई, मी शेतकऱ्याची सून आहे. असल्या चुका आपल्याकडून होत नाहीत!"

भरीत असं झालं होतं, की सगळ्यांनी बोटं चाटली. वर शेकोटीजवळ चहा झाला. मग थंडी वाढली म्हणून पुन्हा चहा झाला. मग चौघी एका मोठ्या तंबूत आपापल्या झोपायच्या पिशव्यांत शिरल्या. वच्छलाबाईंनी पिशवीची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि विचारलं, "ही गोधडी शे का कापूसनी गोणी?"

रात्र चढली. गिरणेवरून वारा सुटला. आणि त्या दोन चहांनी आपला हिशेब मागायला सुरुवात केली.

पहिली जाग आली सपनाला. पण ते सगळे स्वेटर घेऊन पिशवीतून निघायचं कसं? ती डोळे मिटून पडून राहिली. दिपमालालाही जाग आली होती; पण बाहेरच्या गारठ्यात एकटीनं पाय कोण टाकणार? सारिका तर केव्हाची टक्क जागी होती. तिला वाटत होतं, आपणच आधी उठलो तर सासूबाई म्हणतील, बघा, हिलाच जमत नाही! दातावर दात दाबून तीही पडून राहिली.

तेवढ्यात अंधारातून वच्छलाबाईंचा दबका आवाज आला.

"कोनी जागं शे का वं?"

तिघी ताडकन उठून बसल्या!

"आई, काय झालं?"

"काय व्हनार? माले बाहेर जावानं शे. पन एकली नही जावाव. चाला बठ्ठ्या जोडीले!"

आता खानदेशात बाईनं रात्री एकटीनं जायचं नसतं, हा काही कुठे लिहिलेला नियम नाही. पण तो मोडलेला कोणी पाहिला नाही. तेव्हा अंगावर चादरी घेऊन चौघींची वरात हरभऱ्याकडे निघाली. पुढे बॅटरी घेऊन सारिका, मागे सासूबाई, त्यामागे दिपमाला, आणि सगळ्यांत मागे डुलत डुलत सपना.

मान अर्थातच सासूबाईंचा. सारिकानं आत कांडीला बॅटरी टांगली, सासूबाईंना आत सोडलं आणि बाहेरून चेन लावली.

"आई, आरामात! काही घाई नाही!"

"मंग उभ्या ऱ्हावा. जाऊ नका कोठे!"

आणि त्याच क्षणी जमिनीतून घर्र असा आवाज आला. सारिकानं कान टवकारले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पाइपात पाणी येत होतं!

"आई, बाहेर या! लवकर!"

"आते तं म्हनस घाई नही!"

फस्स! हरभऱ्यात चोहोकडे फवारे उसळले. आणि एक फवारा, जो वाफाभर पाणी फेकायचा, तो बिचारा त्या अरुंद तंबूत अडकला आणि आतल्या आत गरागरा फिरू लागला. तंबू आतून फुगला. बॅटरी विझली.

"ओ माय वं! मरनू मी! बरफनं पानी शे!"

सारिका चेनवर झेपावली. चेन अडकली! दिपमाला वरून खेचायला लागली, सपना खालून. तिघींवर बाकीचे फवारे आळीपाळीनं पाणी मारत होते. शेवटी वच्छलाबाईंचाच धीर सुटला. त्यांनी आतून दोन्ही हातांनी तंबू धरला, खुंट्यांसकट उपटला, कांडीवरून उचलला आणि तसाच अंगावर घेऊन चालायला लागल्या!

चांदण्यात एक उंच निळा तंबू हरभरा तुडवत सरळ बांधाकडे निघाला. आतून अखंड शिव्या येत होत्या.

बांधापलीकडे शेजारचे झुलालआबा आपल्या गव्हाला पाटाचं पाणी भरत होते. त्यांनी फावडं टाकलं.

"कोन शे? कोन शे तठे?" आबांचा आवाज चिरकला. "जवय येऊ नको, सांगी ठेवस!"

"मी शे, आबा! वच्छला!" तंबू म्हणाला.

"वच्छलावहिनी? तुमी तंबूमा काय करी ऱ्हायनात?"

"आगोदर मोटर बंद करा! मंग सांगस!"

आबा धावत विहिरीवर गेले. फवारे बसले. परत येऊन त्यांनी खिशातल्या चाकूनं तंबू फाडला आणि आतून निथळत्या वच्छलाबाई बाहेर आल्या.

"पण ऑटो मी बंद केला होता!" सारिका रडकुंडीला आली.

"तोच तं!" आबा अगदी समाधानानं म्हणाले. "मी सांजले देखं, ऑटो बंद. म्हनं, पोर इसरी गई व्हई, हरभरा पानीबिगर ऱ्हाई जाई. मी चालू करी दिधा!"

शेजारधर्म!

कोरडे कपडे घालून सगळ्या पुन्हा पेटवलेल्या शेकोटीभोवती बसल्या. सारिकाला वर मान करवत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर लिंबाची झाडं डोलत होती, चांगली लगडलेली. वच्छलाबाई आगीकडे बघत केस पुसत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सारिकाला वाटलं, थंडी भरली. पण सासूबाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"झुलालआबानं तोंड देखं का तुमी?" त्यांनी डोळे पुसले. मग त्या जरा गंभीर झाल्या. "सारिका, मी नवी नवरी व्हतू तवय आमी अंधार पडानी वाट देखूत. पोटमा दुखे, तरी बोलानं नही. बाईनी रातले कोठे जावाव, हाऊ इचार आमना घरमा कोनीच नही करा. तू मातर आगोदर तोच इचार करा."

सारिकाला भरून आलं. एवढं कौतुक तिला लग्न झाल्यापासून मिळालं नव्हतं.

"जागा तुले दिधी," वच्छलाबाई म्हणाल्या. "लिंबू दुसरीकडे लावसूत. पन एक गोठ."

सारिकानं मान वर केली. आता काय अट?

"पन आते माले पहिले कोठे तरी ने वं!" वच्छलाबाई कळवळून उठल्या. "त्या धांदलमा मनं काम ऱ्हाईच गयं!"

आणि गिरणाकाठच्या होऊ घातलेल्या पर्यटन केंद्राची मालकीण हातात टमरेल घेऊन सासूबाईंच्या पुढे अंधारात धावत सुटली.