नानांचं अळणी ताट

पंगतीत वाढप्याचा हात मिठाकडे वळण्याआधीच आमच्या नानांचा आवाज मांडवभर घुमतो, "मीठ नगं! आमच्या रानात लय हाय!" नवरदेव दचकतो, पोरी पदरात हसतात, आणि नाना नुसता भात, ताक आणि जिलेबी खाऊन, कुणावर तरी डाफरतच उठतात.

नाना माझे थोरले चुलते. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. कुंडलच्या अलीकडे आमचं गाव. कृष्णेचं पाणी रानात आलं, तेव्हा गावानं उसाला रात्रंदिवस पाजलं. सगळ्यांत जास्त नानांनी. काळ्या मातीनं ते मुकाट पोटात साठवलं आणि पुढे मीठ होऊन वर ओकलं. आता भर उन्हातही ते रान चांदणं सांडल्यासारखं पांढरं दिसतं, आणि पायाखाली भाजल्या पापडासारखं मोडतं. त्या वर्षापासून नानांनी मीठ सोडलं. गोड बोलणंही त्याच सुमारास सोडलं असावं.

"पाणी पाजतुयास का बुडवतुयास, रं?" बांधावरून ते कुणालाही खडसावतात. "मोटार बंद कर आदी!"

मग गावात निचऱ्याची योजना आली, ती आखायला नकाशा घेऊन इंजिनिअरबाई आल्या. जमिनीखाली नळ्या पुरायच्या आणि खारं पाणी एका उघड्या चरानं ओढ्याला सोडायचं. नळ्या सगळ्यांना हव्या होत्या. चर मात्र कुणालाच नको होता. कारण चर जमीन खातो. देवळातल्या बैठकीत तो विषय निघताच सारे छताकडे पाहू लागले. अखेर नकाशावर एकाचं बोट टेकलं ते शेवंताकाकूच्या मिरचीच्या पट्टीवर. सरळ उतार, जवळची वाट.

काकू नानांच्या धाकट्या भावाची विधवा. तेवढी पट्टी हेच तिचं सारं पोट. तिला बैठकीला बोलवावंसं कुणालाही वाटलं नव्हतं. मी मागं बसून सगळं ऐकत होते. बांधाच्या भांडणामुळे नाना आणि काकू कित्येक वर्षं बोलत नव्हते.

"नाना, तुमची तर काय हरकत नसंल," कुणीतरी मिशीत हसलं.

नाना उठले. "हरकत? ऊस आमी पाजला, मीठ आमचं, आन् चर तिच्या ताटातनं? लाज हाय का न्हाई, गड्यांनो?" मग इंजिनिअरबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, नकाशात उतार बरुबर हाय. पर रान कुणाचं, त्यो काय खातो, ते बी काढा की त्यात!"

"काढते. पण मग चर न्यायचा कुठून?"

"माझ्या जांभळाखालनं."

जांभळाखालचं नानांचं तेवढंच रान अजून काळं होतं. बाईंनी उतार मोजायची दुर्बीण लावून पाहिलं. वळसा पडत होता, पण उतार मिळत होता.

चराला पाणी लागलं त्या दिवशी नाना काठावर बसून होते. मी नेहमीप्रमाणे काकूच्या घरची वाटी घेऊन गेले. हे गावाला ठाऊक नाही: काकू खर्डा ठेचताना मीठ घालण्याआधी एक वाटा नानांसाठी बाजूला काढते. तो कुणाकडून येतो, हे नानांनी कधी विचारलं नाही आणि वाटी कधी परतही पाठवली नाही.

त्या दिवशी वाटीच्या कडेला चिमूटभर मीठ होतं.

नानांनी चराच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "खारं हाय," ते म्हणाले. "निघालंय." मग ती चिमूट उपरण्याच्या टोकात बांधली.

"तिला म्हणावं, पांढऱ्या रानात जोंधळा उगवल तवा खाईन." आणि लगेच माझ्यावर ओरडले, "बघत काय ऱ्हायलीस? भाकरी कुठं हाय?"